तासाभराची वाट की सहा दिवसांची?

एका पुलापासून दगड झालेल्या तीन राक्षसांपर्यंत तासाभराची वाट आहे की सहा दिवसांची, यावर माझा आणि इंदूरच्या मामेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. गंमत अशी की तो पूल जगाच्या पाठीवर कुठेच नाही. ते राक्षस नाहीत, ती नदीही नाही. "जे गावच नाही, त्याचं अंतर कसलं मोजता?" असं घरातल्या प्रत्येकाने आम्हाला एकदा तरी विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे पाहिले असतील. पुस्तक जे. आर. आर. टॉल्किन यांचं. ते ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९३७ मध्ये त्यांचं 'द हॉबिट' आलं, मुलांसाठी लिहिलेलं. त्यात बिल्बो नावाचा बुटका हॉबिट तेरा खुजांबरोबर खजिन्याच्या शोधात निघतो. १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन भागांत आलं. त्यात बिल्बोचा वारस फ्रोडो एक घातक अंगठी नष्ट करायला निघतो. सुरुवातीला दोघांचा रस्ता एकच आहे: शायर नावाच्या आपल्या मुलखातून पूर्वेकडे, रिव्हेंडेलपर्यंत.

आणि इथेच भांडण आहे. 'हॉबिट'मध्ये मंडळी नदीपाशी येतात, पावसात मुक्काम टाकतात, एक तट्टू बुजून नदीत शिरतं आणि खाण्याचं सामान वाहून जातं. त्याच रात्री झाडीत उजेड दिसतो. तो राक्षसांच्या शेकोटीचा असतो. म्हणजे नदीपासून राक्षस फार तर तासाभराच्या वाटेवर. पुढे ते राक्षस सूर्य उगवताच दगड होतात. 'रिंग्ज'मध्ये फ्रोडो आणि त्याचे सोबती तीच नदी पुलावरून ओलांडतात १३ ऑक्टोबरला, आणि त्या दगडी राक्षसांपाशी पोचतात १८ ऑक्टोबरला. पुलाचा दिवस धरून सहावा दिवस.

यावर कुणी म्हणेल की ते आडवाटेने गेले, डोंगरात भरकटले, पाऊस होता, फ्रोडो जखमी होता. सगळं खरं. पण त्यांचा वाटाड्या ॲरागॉर्न आहे. दादाचं म्हणणं असं, "अगं, ज्याला त्या रानाची खडान् खडा माहिती, तो माणूस तासाभराच्या वाटेला सहा दिवस लावेल? तुझा रिक्षावालासुद्धा एवढा फिरवत नाही."

ही चूक खुद्द टॉल्किनना दिसत होती. १९६० मध्ये त्यांनी 'हॉबिट' नव्याने लिहायला घेतलं. या पुस्तकातली अंतरं, दिवस आणि चंद्राच्या कला नंतरच्या पुस्तकाशी जुळवायच्या, हा त्यामागचा एक हेतू होता. काही प्रकरणं लिहून त्यांनी ते सोडून दिलं. १९६६ च्या आवृत्तीत नदीवर दगडी पूल आला, पण राक्षस काही पुढे सरकले नाहीत. ज्याने ते जग घडवलं, त्यालाच ते पाच-सहा दिवस भरून काढता आले नाहीत.

मग आमच्यासारख्यांनी का डोकं फोडायचं? कारण हा लेखक अंतराच्या बाबतीत शब्द देणारा आहे. "सात समुद्र ओलांडून राजपुत्र गेला" असं म्हटलं की कुणी समुद्र मोजत नाही. तिथे आकडा नुसता अलंकार असतो. टॉल्किननी मात्र आधी नकाशा मांडला आणि गोष्ट त्यात बसवली. असं त्यांनी स्वतःच एका पत्रात लिहिलंय. १९४४ साली त्यांचा मुलगा क्रिस्टोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. त्याला लिहिलेल्या पत्रात ते चंद्राची तक्रार करतात: गोष्टीत माणसांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत आणि हिशोब पाहिला तर चंद्र एका ठिकाणी उगवतोय, त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय. ते निस्तरायला त्यांची अख्खी दुपार गेली. युद्धाचे दिवस, मुलगा परदेशात, आणि बाप बसून खोट्या जगातला चंद्र जागेवर आणतोय! पुस्तकासोबत छापलेला नकाशाही पुढे याच मुलाने काढला.

अशा लेखकाच्या वाचकाने मोजून पाहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. तुम्ही दिलेला शब्द आम्ही गंभीरपणे घेतला, एवढंच ते सांगणं आहे.

मोजायला बसलं की पहिली अडचण येते ती मापाची. 'रिंग्ज'मध्ये अंतरं लीगमध्ये आहेत आणि एक लीग म्हणजे तीन मैल. हे माप कुठून आलं, तेही टॉल्किननी रचून ठेवलंय. त्यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये आलेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये ते सापडतं. त्या जगातल्या उंच माणसांचं मूळ माप 'रंगा', म्हणजे एक पूर्ण पाऊल, सुमारे ३८ इंच. असे दोन रंगा म्हणजे पुरुषभर उंची. पाच हजार रंगा म्हणजे एक 'लार'. आकडेमोड केली की ते जवळजवळ बरोबर तीन मैल भरतं. पण मला आवडतो तो या शब्दाचा अर्थ. लार म्हणजे थांबा. एवढं चालून झालं की सैन्य थोडं टेकायचं, म्हणून त्या अंतराचंच नाव थांबा पडलं.

आपली जुनी मापं अशीच देहातून आलेली. वीत, हात, पुरुष, कोस. आणि देहातून आलेलं माप माणसागणिक, मुलखागणिक बदलतं. योजनाचं उदाहरण घ्या. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वीचा व्यास १०५० योजनं सांगितला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये १५८१ योजनं. पृथ्वी तर तेवढीच होती! आजच्या १२,७४२ किलोमीटरला भागून पाहा: पहिल्याच्या हिशोबाने एक योजन सुमारे १२ किलोमीटरचं, दुसऱ्याच्या हिशोबाने ८ चं. म्हणून आमच्या वादाचा पहिला नियम: आधी माप ठरवायचं, मग भांडायचं. घरातल्या इतर वादांनाही हा नियम लावून पाहायला हरकत नाही.

माप ठरलं की मजा सुरू होते. शायर सिनेमात एखाद्या खेड्याएवढं वाटतं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते पूर्व-पश्चिम ४० लीग आणि उत्तर-दक्षिण ५० लीग आहे. म्हणजे १२० गुणिले १५० मैल. सरळ चौकोन धरला तर साधारण ४६,६०० चौरस किलोमीटर, बारा गोवे मावतील एवढं. ॲरागॉर्न, लेगोलस आणि गिमली पळवून नेलेल्या मित्रांमागे धावतात, ते ४५ लीग, चौथा दिवस संपायच्या आत. म्हणजे २१७ किलोमीटर, पायी, शस्त्रांसकट. सिनेमात ते नुसतं सुंदर दिसतं. आकडा कळल्यावर पोटात गोळा येतो. आणि घोड्यावर बसलेला एओमेर ते ऐकून थक्क का होतो, तेही मग कळतं.

शायर आणि रिव्हेंडेल साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, आणि दक्षिणेतलं मिनास टिरिथ तिथून सहाशे मैल खाली, फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर, असं टॉल्किननी १९६७ मध्ये लिहिलं होतं. शाळेचा ॲटलास घेऊन तुम्हीही पडताळू शकता. ऑक्सफर्ड ५१.७५ अंशांवर, फ्लॉरेन्स ४३.७७ वर. फरक आठ अंशांचा. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा सुमारे ८९० किलोमीटर किंवा ५५० मैल. हवेत बांधलेल्या गावाला पन्नास मैलांची तफावत म्हणजे काहीच नाही. पण २०१५ मध्ये त्यांच्या हाताच्या नोंदी असलेला एक नकाशा उजेडात आला. चित्रकर्ती पॉलिन बेन्स यांना भिंतीवरचा नकाशा काढता यावा, म्हणून त्यांनी त्यावर खुणा करून दिल्या होत्या. तो आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात मिनास टिरिथसाठी फ्लॉरेन्सऐवजी राव्हेना लिहिलंय. राव्हेना आणखी उत्तरेला. झालं, दादाला नवीन काम मिळालं.

या सगळ्या मोजणीत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं नाव कॅरन विन फॉनस्टॅड यांचं. या अमेरिकन नकाशाकार बाईंनी 'द ॲटलास ऑफ मिडल अर्थ' केला, १९८१ मध्ये. पुढे १९९१ मध्ये सुधारून पुन्हा काढला. नकाशावर दोरा ठेवून अंतर काढणं सोपं आहे, पण छापील नकाशात रस्त्याची बारीक वळणं आणि चढ-उतार येत नाहीत. फॉनस्टॅडबाईंनी पुस्तकातला एकेक दिवस घेतला. सकाळी कुठून निघाले, वाट कशी होती, रात्र कुठे काढली, हे सगळं नकाशाशी ताडून पाहिलं. त्यांच्या तक्त्यांवरून फ्रोडोच्या प्रवासाचे जे टप्पे वाचकांमध्ये रूढ झाले, ते असे: घरापासून रिव्हेंडेल ४५८ मैल, तिथून लोथलोरिएन ४६२, तिथून राउरोसचा धबधबा ३८९ (यातला बराचसा नदीतून), आणि तिथून डोंगराच्या तोंडापर्यंत ४७०. एकूण १७७९ मैल, म्हणजे सुमारे २,८६० किलोमीटर. जगभरात अनेक जण आपलं रोजचं चालणं या आकड्यांत मांडतात. ऑफिसच्या जिन्यात चालतात आणि वहीत मॉर्डोरकडे सरकतात.

दादाच्या हातात ही वही आली ती हौसेने नाही. स्कूटरवरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. नंतर वॉकर धरून घरातल्या व्हरांड्यात चालायचं. पहिल्या आठवड्यात दिवसाला चाळीस मीटर, तेही भिंतीला हात लावत, ओठ दाबून. डॉक्टर म्हणायचे, "रोज थोडं वाढवा." पण कशासाठी वाढवायचं, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. चाळीस मीटरनंतर पुन्हा तोच पलंग. तो कुणाशी बोलेनासा झाला होता. मामी मला फोन करून रडायची.

मी त्याला तो चारशे अठ्ठावन्नचा आकडा पाठवला. सोबत एक ओळ: "तुझ्या वेगाने किती दिवस?" दोन तासांनी उत्तर आलं. ७३७ किलोमीटर भागिले चाळीस मीटर, म्हणजे अठरा हजार चारशे पंचवीस दिवस. पन्नास वर्षं. त्याने ते मोठ्याने वाचलं असावं, कारण मामीचा लगेच फोन आला, "अगं, हा म्हणतोय पोचायला पन्नास वर्षं लागतील. कुठे निघालाय हा?" आणि मागून दादाचं हसणं ऐकू आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर वही सुरू झाली. चाळीसचे साठ झाले, साठचे दीडशे. सहा महिन्यांनी तो काठी घेऊन कॉलनीच्या फाटकापर्यंत जायला लागला. वर्षाने दिवसाला एक किलोमीटर. मधूनमधून त्याचे फोन यायचे, "आज पाऊस आहे, दलदलीत अडकलोय." माझ्या लक्षात आलं की त्याचे प्रश्नही बदललेत. हॉबिट दोन ते चार फुटांचे असतात. त्यांचं पाऊल केवढं? उंच माणसांच्या एका लारमध्ये त्यांची किती पावलं पडत असतील? त्याचं स्वतःचं पाऊल तेव्हा जेमतेम फूटभर पडत होतं. मी या गोष्टी आकडे म्हणून वाचत होते. तो त्या पायाने वाचत होता.

तिसऱ्या पावसाळ्यात तो पुलापाशी पोचला आणि आमचा वाद ऐरणीवर आला. माझी बाजू मी आजही सोडलेली नाही, म्हणून ती नीट मांडते. 'हॉबिट' ही बिल्बोने स्वतः लिहिलेली आठवण आहे, अशी टॉल्किनचीच कल्पना आहे. म्हातारा बिल्बो मुलांना गोष्ट सांगतोय. पाऊस, चिखल, कंटाळवाणे दिवस तो गाळणारच. पूल आणि राक्षस या दोन रंगतदार जागा त्याच्या आठवणीत जवळ सरकल्या. यात चूक कुणाचीच नाही. सांगणाऱ्याचं अंतर वेगळं आणि चालणाऱ्याचं वेगळं. तेव्हा तू बिल्बोचं धर, त्याच दिवशी राक्षस गाठ, तुझे कितीतरी किलोमीटर वाचतील.

दादा म्हणाला, "सांगणारा पोचलेला असतो गं. मी अजून वाटेत आहे. मला सहा दिवसच पाहिजेत."

त्याने ते सहाच्या सहा दिवस चालून काढले. त्याच्या वेगाने त्यांना महिन्याहून जास्त लागला. रिव्हेंडेलला पोचला त्या दिवशी मामीने सुधारस केला. तिला अजूनही ते गाव कुठल्या राज्यात आहे हे माहीत नाही. दादा आता काठीशिवाय चालतो, किंचित लंगडत. लोथलोरिएनच्या टप्प्यावर आहे. आमचा निकाल मात्र लागलेला नाही. तो म्हणतो, अंतर एकच असतं, सांगणारे चुकतात. मी म्हणते, सांगणारेही खरंच सांगतात, फक्त दिवस गिळतात.

आपल्यासारख्या घरांना हे दिवस गिळणं नवीन नाही. बडोद्यात अनेक घरांत एक वाक्य ऐकायला मिळतं: "आमचे पूर्वज गायकवाडांबरोबर इकडे आले." इंदूरला होळकरांबरोबर, ग्वाल्हेरला शिंद्यांबरोबर. झालं, एका वाक्यात आपण घाट उतरून नव्या मुलखात हजर. पण पुणे ते बडोदा सरळ रेषेत धरलं तरी सव्वाचारशे किलोमीटर आहे आणि मध्ये तापी आहे, नर्मदा आहे. दिवसाला २५ किलोमीटर चालले असं धरलं, वळणं सोडून दिली, तरी सतरा मुक्काम होतात. त्या सतरा रात्री कुठे काढल्या? नर्मदा कशी ओलांडली? बरोबर लहान मुलं होती का, आजारी कुणी होतं का? बिल्बोसारखंच आपल्याही सांगणाऱ्यांनी तेवढं गाळलं, आणि आपण कधी विचारलं नाही.

तेव्हा, "जे गावच नाही त्याचं अंतर कसलं मोजता?" याला माझं उत्तर असं: अंतर कळल्याशिवाय चालणाऱ्याचे कष्ट कळत नाहीत, मग तो फ्रोडो असो नाहीतर आपले खापरपणजोबा. खोट्या मुलखात ही सवय लागली तर ती खऱ्या मुलखातही उपयोगी पडते. घरातलं कुणी मोठं माणूस पुढच्या वेळी "आम्ही अमुक गावाहून इथे आलो" असं म्हणालं की नकाशा उघडा, दोरा ठेवा आणि विचारा, "कुठल्या वाटेने? किती दिवस लागले?" उत्तर अर्धवट मिळेल. दोन काकांची दोन वेगवेगळी उत्तरं मिळतील आणि त्यांच्यात वादही होईल. होऊ द्या, आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेवा.